कागदच नाही, त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा?

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवेशाच्या दिवसांत आपल्या कॉलेजच्या कार्यालयाबाहेर शिष्यवृत्त्यांचा फलक लागतो. त्यावर योजनांची नावे वरच्या अर्ध्या भागात असतात आणि खालच्या अर्ध्या भागात असते कागदपत्रांची यादी. बहुतेक विद्यार्थी वरचा भाग वाचतात. मी प्रथम वर्षाला आलो तेव्हा मी खालचा भाग वाचला आणि मुकाट्याने बाहेर येऊन पायरीवर बसलो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. यांतील एकही माझ्याजवळ नव्हता. वडील तर शाळेतच गेले नव्हते. मग ती सोडणार कुठून?

प्रस्तुत लेख माझ्या त्या पायरीवरच्या दिवसापासून आजवर मला जे कळले ते सांगण्यासाठी लिहीत आहे. आपल्याकडे गरीब विद्यार्थ्यांसाठी योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. योजना पुष्कळ आहेत. परंतु त्या प्रत्येक दारावर जो कागद मागतात, तो कागद माणूस पिढ्यानुपिढ्या एका जागी राहिला तरच तयार होतो. ज्यांच्या घराला चाके होती, त्यांचे काय, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

आम्ही घिसाडी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पाल ठोकून, भाता चालवून विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवणारी जी मंडळी दिसतात, ती आम्ही. बाप सांडशीत तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि आई घण घालते. आईने घण घातलेला पाहून गावातल्या बायका तोंडाला पदर लावत, असे आई अजून हसत सांगते. गावोगाव ट्रॅक्टर आले, बाजारात तयार अवजारे आली आणि कामही कमी झाले. मी लहान असताना दादांनी (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) तालुक्याच्या गावाबाहेर एका जागी पत्रे टाकले, म्हणून माझी शाळा झाली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली आहे. मला वाटत होते की तेवढे पुरे.

तेवढे पुरत नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी प्रत्येक प्रवर्गाची एक तारीख ठरलेली आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला आपले घराणे महाराष्ट्रात राहत होते आणि त्याची जात अमुक होती, हे दाखवावे लागते. आमचा समावेश भटक्या जमातींच्या ‘ब’ गटात. म्हणजे माझ्या शिक्षणाची मदत मला आज मिळावी यासाठी १९६१ सालापूर्वी माझे आजोबा कुठे होते याचा कागद हवा. आणि २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याप्रमाणे, जो २००१ साली अमलात आला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे.

हा कागद साधारणपणे कुठे सापडतो? शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात, जमिनीच्या सातबाऱ्यात किंवा फेरफारात, आणि गाव नमुना नंबर १४ मध्ये, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात आणि ज्यात पूर्वी जन्ममृत्यूच्या नोंदी होत. आता पाहा, आम्हांला जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. शाळा नव्हती, म्हणून रजिस्टर नाही. आजोबांचा जन्म दोन गावांच्या मधल्या माळावर झाला. तिथे कोणत्या गावचा कोतवाल नोंद घ्यायला येणार?

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, जिला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. देशभर हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. पुढे १९६१ साली राज्याने १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती यांची यादी केली. आमच्याकडे कागद शोधण्याची धांदल चालली होती तेव्हा सोलापूरकडचा एक मित्र मला म्हणाला, ‘आमच्या पणजोबाचं नाव सेटलमेंटच्या दप्तरात सापडलं, त्यावर आमचं काम झालं.’ ज्याच्यावर सरकारने चोराचा शिक्का मारला त्याची नोंद सरकारने जपून ठेवली, आणि जो निमूटपणे विळे घडवत हिंडला त्याची कोणी ठेवली नाही. मी त्या मित्राचा हेवा केला. नंतर मला त्या हेव्याची लाज वाटली, कारण त्याच्या पणजोबाने त्या नोंदीसाठी काय मोल दिले असेल ते मी विसरलो होतो.

असो. आमचा शोध कसा संपला ते सांगतो, कारण त्यात इतरांना उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे.

प्रांत कार्यालयातील खिडकीवर दादांनी माझा शाळेचा दाखला पुढे केला. पलीकडचे भाऊसाहेब म्हणाले, ‘मामा, हा पोराचा झाला. एकसष्टच्या आधीचा तुमच्या वडिलांचा आणा.’ दादा म्हणाले, ‘साहेब, आमचा बाप पालात जन्मला आन् पालातच गेला.’ भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावले. आम्ही त्यानंतर तीन वेळा गेलो. प्रत्येक वेळी दादांचा एक दिवसाचा धंदा आणि दोघांचे एस.टी.चे भाडे गेले. एकदाही आम्ही रीतसर अर्ज दिला नाही. तोंडी विचारले, तोंडी नकार घेतला आणि परतलो. ही आमची मोठी चूक होती. तिच्याविषयी पुढे लिहितो.

दिवाळीत दादांच्या थोरल्या आत्या घरी आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या की धाकटे आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ, लहानपणी एका पावसाळ्यात शाळेत जात. कृष्णाकाठच्या एका गावी त्या वर्षी फार पाऊस झाला, बैल आजारी पडला आणि पाल हलेना. गावच्या गुरुजींनी पोराला हाताला धरून शाळेत बसवले. आत्यांना गुरुजींची काळी टोपी आठवत होती, साल आठवत नव्हते. आम्ही त्या गावी गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी लोखंडी पेटीतून जुनी रजिस्टरे काढून दिली आणि मी जमिनीवर बसून पाने उलटू लागलो. १९५८ सालच्या रजिस्टरात ते नाव सापडले. जातीच्या रकान्यात ‘घिसाडी’. शाळा सोडण्याचे कारण, ‘परगावी गेल्याने’. जुलैत आले, ऑक्टोबरात गेले. दादांना वाचता येत नाही; त्यांनी मला ती ओळ दोनदा वाचून दाखवायला सांगितली आणि मग तिच्यावरून बोट फिरवले.

त्या एका ओळीचा उतारा, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि माझा शाळेचा दाखला यांवर मला जातीचा दाखला मिळाला. तो हाती आला तेव्हा प्रथम वर्षाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपून गेली होती. या वर्षी मात्र मी अर्ज भरला आहे.

आता उपयोगाचे सांगतो. ज्यांच्या घरी कोणीच शाळेत गेले नाही त्यांनी केवळ वडील-आजोबांपाशी थांबू नये. वडिलांकडील रक्ताचे नाते, म्हणजे चुलते, चुलत आजोबा, आत्या, यांच्या नोंदी चालतात. नाते वंशावळीने दाखवावे लागते. नातलगांपैकी कोणाकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने असा निकाल दिला आहे की, वडिलांकडील रक्ताच्या नातलगाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल तर समितीने साधारणपणे अर्जदारालाही ती द्यावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘साल कोणते’ असे विचारू नका. पाल कुठे अडकले होते, कोण आजारी होते, यात्रा कोणती होती ते विचारा. म्हाताऱ्यांच्या आठवणीत साल नसते, पाऊस असतो. शाळा रजिस्टर दाखवायला तयार नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येतो. जुनी कोतवाल बुके पुष्कळदा मोडीत असतात. मोडी वाचणारे शिक्षक अजून आहेत, आणि आपल्या इतिहास विभागाने मोडीचा वर्ग पुन्हा सुरू केला तर माझ्यासारख्यांवर उपकार होतील, असे प्राध्यापकवर्गाला येथेच विनवतो. शिवाय, जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही मुद्रांकापायी जे पैसे घातले त्यात माझा महिन्याचा पास निघाला असता.

आणि हे सगळे करूनही काहीच सापडले नाही तर? तर अर्ज करूच नये असे मुळीच नाही. कागदोपत्री पुरावा नसलेल्या भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत स्थानिक चौकशी करून, घरी येऊन, गावातील जाणत्या माणसांचे जबाब घेऊन निर्णय करता येतो. यालाच गृहचौकशी म्हणतात. परंतु ही चौकशी अर्ज असेल तरच होते. खिडकीवर तोंडी विचारणाऱ्याची चौकशी कोण करणार? म्हणून वर म्हटलेली आमची चूक कोणी करू नये. अर्ज द्यावा, पोच घ्यावी. नाकारला तर लेखी कारण मागावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ते देणे बंधनकारक आहे. जात प्रमाणपत्राचा अर्ज फेटाळल्याचा आदेश हाती पडला की तीस दिवसांत अपील करता येते. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, आणि आमच्यासारख्या बहुतेकांच्या पदरी फक्त तोंडी नकारच पडतो.

आणखी एक गोंधळ माझ्या डोक्यात बरेच दिवस होता, तो येथे मोकळा करतो. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता पडताळणी समिती देते. बी.ए.सारख्या अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्तीला दाखला पुरतो. वैधता लागते ती राखीव जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना किंवा नोकरीत. पुष्कळ मुले ‘वैधता नाही’ म्हणून शिष्यवृत्तीचा अर्जच भरत नाहीत.

जातीच्या दाखल्यावाचून उघडणारी दारे कोणती, हेही पाहू. केंद्र सरकारची बारावीच्या गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती आहे; बोर्डाच्या परीक्षेत वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना ती मिळते, पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला बारा हजार रुपये. सर्वसाधारण गटातून अर्ज केला तर तिला जातीचा दाखला लागत नाही. मी मात्र त्या वीस टक्क्यांत नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती खुल्या गटातून प्रवेश घेतलेल्यांसाठी असून तिची उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. या दोहोंना उत्पन्नाचा दाखला मात्र हवा. तो तहसीलमधून मिळतो, त्यासाठी १९६१ सालात जावे लागत नाही, आणि तो दरवर्षी नवा काढावा लागतो. फलकावरच्या यादीतील सर्वांत सोपा कागद हाच. तो जूनमध्येच काढून ठेवावा.

पण खरे सांगायचे तर बी.ए.च्या फीने कोणी मरत नाही. मारते ती खोली, खानावळ आणि रोजचा प्रवास. एस.टी.चा विद्यार्थी पास कॉलेजच्या बोनाफाईडवर मिळतो आणि त्यात भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. आपल्या हातात पडणारा पहिला कागद म्हणजे हा बोनाफाईड. मी तो पहिल्यांदा घेतला तेव्हा त्यावर माझे नाव आणि ‘हे या महाविद्यालयाचे विद्यार्थी आहेत’ असे छापलेले पाहून दादांनी तो ट्रंकेत ठेवण्यासाठी मागितला होता.

आणि मग ‘कमवा आणि शिका’. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. काम करून शिकण्याची रीत त्यांनी अशा मुलांसाठी घालून दिली ज्यांच्या बापाजवळ द्यायला काहीच नव्हते. या योजनेला पुरावा लागतो तो हातांचा. प्रथम वर्षी मी ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, बागेला पाणी घातले आणि परीक्षेच्या दिवसांत बाके उचलली. त्या पैशांत खानावळ निघाली. फीचे हप्ते प्राचार्यांनी पाडून दिले. त्यासाठी एक साधा अर्ज लिहावा लागला आणि तो लिहायला मला आठ दिवस लागले, कारण ‘मला फी भरणे शक्य नाही’ हे वाक्य कागदावर उतरवताना हात थांबत होता. ज्यांचा थांबतो त्यांना सांगतो, सरांनी तो अर्ज अर्ध्या मिनिटात वाचला आणि सही केली.

एका दाराविषयी मात्र सावध करायचे आहे. आमच्या चकरा चालू असताना कचेरीच्या बाहेर चहाच्या गाड्यावर एका माणसाने दादांना बाजूला घेतले. पैसे द्या, आठ दिवसांत दाखला देतो, पुरावा लागणार नाही, असे तो म्हणाला. दादा रात्रभर विचार करत होते. मीही करत होतो. खोटे कशाला बोलू? आपण खरोखरच घिसाडी आहोत, मग दाखला खोटा कसा, असे मी मनाशी म्हणत होतो. सकाळी दादा म्हणाले, ‘हिणकस लोखंडाचा विळा दिसायला चांगलाच दिसतो. पहिल्या धाटाला तुटतो.’ पुढे मी वाचले की खोट्या दाखल्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि घेतलेले सगळे लाभ परत जातात, पदवीसुद्धा. खरी जात असलेला माणूस खोट्या दाखल्याने गुन्हेगार होऊ शकतो, ही गोष्ट आमच्या जमातींना पुन्हा परवडणारी नाही.

कागद नसलेले आम्हीच एकटे नाही. ज्या मुलांना आईवडील कोण तेच ठाऊक नाही, त्यांना जात कोणती विचारणार? अशा अनाथ मुलांसाठी राज्याने २०१८ साली शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले आणि त्यासाठी अनाथ प्रमाणपत्राची सोय केली. म्हणजे कागद नाही हीच गोष्ट ओळखून तिच्यासाठी नवा कागद करता येतो, हे शासनाला ठाऊक आहे. मग रजिस्टर सापडले नाही म्हणून परत पाठवण्याऐवजी गृहचौकशी हीच आमच्यासाठी पहिली पायरी का असू नये? मला १९५८ सालचा एक पाऊस उपयोगी पडला. त्या वर्षी बैल आजारी पडला नसता तर मी आजही पायरीवरच असतो, आणि माझी लायकी मात्र तीच असती.

या वर्षी प्रथम वर्षाला आमच्याच गटातील एक मुलगी आली आहे. ती गोंधळ्यांची. तिच्या घराण्यात रजिस्टरात नाव असलेले कोणीच सापडले नाही. आम्ही तीन गावांच्या शाळा पाहिल्या. तिने ऑगस्टमध्ये रीतसर अर्ज केला आणि पोच घेतली. चौकशीला अजून कोणी आलेले नाही. तोवर ती सकाळी सात ते नऊ प्रयोगशाळेच्या इमारतीत झाडलोट करते आणि साडेनऊच्या तासाला पहिल्या बाकावर बसते.

ज्यांना वंशावळीचा नमुना किंवा माहितीच्या अधिकाराच्या अर्जाची नक्कल हवी असेल त्यांनी मला भेटावे. दुपारी बारा ते दोन मी ग्रंथालयात पुस्तके परत घेण्याच्या खिडकीवर असतो.